तैवान, हिंगोली आणि पत्र्यावरचे दगड

२१ मार्च २०२४, सकाळी सहा वाजून आठ मिनिटं. नांदेडच्या आमच्या घरात मांडणीवरची भांडी आधी कुजबुजल्यासारखी वाजली, मग एक तांब्या घरंगळत खाली आला. आईने गॅस बंद केला आणि अनवाणीच अंगणात गेली. तिला कुणी काही सांगावं लागलं नाही. त्र्याण्णव साली, किल्लारीच्या भूकंपाच्या वेळी, ती उदगीरला होती. तेव्हापासून रस्त्याने जड ट्रक गेला तरी तिचा हात आधी गॅसच्या बटणाकडे जातो.

दहा-बारा मिनिटांनी दुसरा धक्का आला, हलका. तोवर सगळी गल्ली बाहेर होती. केंद्र हिंगोली जिल्ह्यात, तीव्रता ४.५, हे थोड्याच वेळात फोनवर फिरू लागलं. पुढे दोन आठवड्यांनी, ३ एप्रिलला, तैवान हादरलं, ७.४ ने. हुआलियनमधली तिरकी झालेली ती लाल इमारत सगळ्यांच्या मोबाइलवर आली आणि संध्याकाळी शेजारचे काका फाटकाशी थांबून म्हणाले, "नवीन वर्षाच्या दिवशी जपान, मार्चात आपण, आता तैवान. हे आत कुठंतरी जोडलेलं असणार की ओ. आपल्याकडून सुरू झालं म्हणायचं."

मी हसलो. ती माझी चूक होती, कारण प्रश्न हसण्यासारखा नव्हता. शिवाय त्याचं धड उत्तरही तेव्हा माझ्याकडे नव्हतं.

पृथ्वी खरोखरच एकसंध हलते. १ नोव्हेंबर १७५५ ला लिस्बन जमीनदोस्त झालं, तेव्हा दूर स्कॉटलंडमधल्या सरोवरांचं पाणी वारा नसताना काठावर चढू-उतरू लागलं होतं. २६ डिसेंबर २००४ च्या सुमात्रा भूकंपात तर पृष्ठभागावरची एकही जागा निदान सेंटिमीटरभर हलल्यावाचून राहिली नाही. म्हणजे नांदेडही हललं. लाट इतकी लांब आणि संथ होती, की ताटातलं वरणसुद्धा डचमळलं नाही. सगळी जमीन एकदम हलत असेल, तर एका ठिकाणचा भूकंप दुसऱ्या ठिकाणचा भूकंप का घडवणार नाही? काकांचा तर्क इथवर बिनचूक आहे. घोडं अडतं ते अंतरावर.

प्रस्तर, म्हणजे जमिनीखालचा भेगाळलेला खडकाचा पट्टा, सरकला की त्याच्या दोन्ही टोकांना आणि आजूबाजूला ताण वाढतो. शेजारचा प्रस्तर आधीच तुटायला आलेला असेल, तर त्याची घटका जवळ येते. हा संबंध इतका पक्का आहे की त्याचं गणित मांडता येतं. सुमात्रानंतर अडीच-तीन महिन्यांनी, मार्च २००५ मध्ये, जॉन मॅक्लॉस्की हे भूकंपशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ताणाचा हिशेब छापून सांगितलं होतं, की लगतच्या पट्ट्यात धोका वाढला आहे. पुरते दोन आठवडेही गेले नाहीत आणि २८ मार्चला नियास बेटाजवळ ८.६ चा भूकंप झाला. तुर्कस्तानात ६ फेब्रुवारी २०२३ ला पहाटे ७.८ आणि त्याच दुपारी ७.५. दोन्हींत अंतर शंभरेक किलोमीटर. हे एकमेकांचे सख्खे शेजारी.

पण हा ताण अंतराबरोबर फार झपाट्याने ओसरतो. दुप्पट लांब गेलात की तो साधारण आठव्या हिश्शावर येतो. ४.५ च्या धक्क्यात फाटणारा प्रस्तर जेमतेम एक-दोन किलोमीटरचा असतो. त्याची सत्ता चार गावांपुरती. हिंगोलीहून तैवान साडेचार हजार किलोमीटर. तिथवर हा निरोप पोचत नाही.

मग लाटांचं काय? त्या तर पोचतात. १९९२ मध्ये कॅलिफोर्नियात लँडर्सला ७.३ चा भूकंप झाला आणि त्याच्या लाटा गेल्या त्या वाटेवर, सव्वा हजार किलोमीटरवरच्या यलोस्टोनपर्यंत, बारीक बारीक धक्के सुरू झाले. तोवर बरेच शास्त्रज्ञसुद्धा असल्या प्रश्नावर माझ्यासारखेच हसत. लँडर्सने त्यांचं हसू थांबवलं. त्यानंतर तीस वर्षांच्या नोंदी चाळून पाहिल्या गेल्या, तेव्हा दिसलं ते असं: लाटांनी दूरवर जागे होतात ते बहुतेक छोटे धक्के, तेही गरम पाण्याच्या झऱ्यांच्या आणि ज्वालामुखींच्या मुलखात जास्त. हजार किलोमीटरपलीकडे मोठ्या भूकंपांची संख्या वाढलेली दिसत नाही. याला एक ठसठशीत अपवाद आहे आणि तो लपवून चालणार नाही. ११ एप्रिल २०१२ ला हिंदी महासागरात ८.६ चा भूकंप झाला, चेन्नईत लोक कचेऱ्या सोडून रस्त्यावर आले, आणि पुढचे सहा दिवस जगभर साडेपाचच्या वरचे भूकंप नेहमीच्या जवळपास पाचपट झाले. म्हणजे 'असं कधीच होत नाही' हे म्हणणंही खोटं. पण तिथे सुरुवात ८.६ ची होती. आपल्या साडेचारने ते होत नाही.

उरला योगायोग, आणि बहुतेक वेळा तोच असतो. जगात सातच्या वरचे भूकंप वर्षाला सरासरी पंधरा होतात, म्हणजे चोवीस-पंचवीस दिवसांना एक. पण ते कर्जाच्या हप्त्यासारखे ठरल्या तारखेला येत नाहीत. हिशेब केला तर कुठल्याही एका मोठ्या भूकंपानंतर आठवड्याच्या आत दुसरा येण्याची शक्यता, दोघांचा काही संबंध नसतानाही, चारात एक निघते. चार ते पाचच्या दरम्यानचे धक्के तर वर्षाला दहा हजारांवर होतात. तैवानच्या आधीच्या पंधरवड्यात सरासरीने असे चारशेएक गावं-समुद्र हलले असणार. त्यातल्या प्रत्येक गावात एक काका असतील आणि तेही म्हणत असतील, की आपल्याकडून सुरू झालं. मेक्सिकोत १९८५, २०१७ आणि २०२२ असे तीन मोठे भूकंप १९ सप्टेंबरलाच झाले, नंतरचे दोन तर त्या दिवशीच्या वार्षिक सरावानंतर काही तासांच्या आत. तिथल्या माणसाला योगायोग म्हणून सांगून बघा.

भारताचा सगळा भूखंड वर्षाला पाचेक सेंटिमीटर उत्तरेकडे सरकतो आहे आणि हिमालयाला रेटतो आहे. तो रेटा पाठीमागे दख्खनपर्यंत जाणवतो. किल्लारी, जबलपूर, भूज यांचं मूळ शोधत गेलं तर ते या एका रेट्यापाशी येतं. तेव्हा या भूकंपांची भावकी आहे हे खरंच. पण भावकी असली म्हणून एकाने दुसऱ्याला चिठ्ठी पाठवली असं होत नाही.

आता ज्या संबंधाबद्दल शंका नाही, तो बघू. तो सातारा जिल्ह्यात आहे. १९६२ पासून कोयनेच्या धरणात पाणी साठू लागलं आणि त्याबरोबर परिसरात बारीक धक्के सुरू झाले. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ६.३ चा धक्का बसला. कोयनानगर कोसळलं, दीड-दोनशे माणसं गेली, वीजघर बंद पडून मुंबईचे कारखाने थांबले. पाण्याचं वजन, आणि त्याहून जास्त म्हणजे भेगांतून खाली मुरत जाऊन तिथला दाब वाढवणारं पाणी, यांनी आधीच ताणलेल्या खडकाला ढकललं. तेव्हापासून आजवर वीस-तीस किलोमीटरच्या त्या टापूत चारच्या वरचे धक्के शेकड्याने मोजायचे आणि पाचच्या वरचे वीसहून जास्त. पावसाळ्यात जलाशय भरला की धक्के वाढतात, पुढे पाणी उतरू लागलं की पुन्हा वाढतात. दक्षिणेला वारणेचं धरण भरलं, तशी काही वर्षांनी धक्क्यांची जागाही तिकडे सरकली. धरणाने चालवलेला भूकंप अभ्यासायला जगात याहून मोकळी जागा नाही, म्हणून गोठण्याजवळ तीन किलोमीटर खोल भोक पाडलं आहे आणि कराडशेजारी हजारमाचीला त्यासाठी प्रयोगशाळा उभी आहे. आपल्याला तैवानशी नातं जोडायची हौस आहे. हे घरातलं नातं शाळेच्या पुस्तकातल्या दोन ओळींत उरकतं.

पण मला भांडायचं आहे ते काकांशी नाही. मार्चच्या त्या सकाळी आम्हाला सरकारी शब्द मिळाले ते नेहमीचेच: घाबरू नका, अफवांवर विश्वास ठेवू नका. दोन्ही वाक्यांत माहिती शून्य आहे. अफवा कुठली ते सांगा, खरं काय तेही सांगा. मधली जागा मोकळी ठेवली की ती भरायला कुणीतरी येतंच. २०२३ मध्ये तुर्कस्तानच्या तीन दिवस आधी भाकीत केलं म्हणून एक डच गृहस्थ जगभर गाजले. ग्रहांच्या जुळणीवरून ते सांगतात. आपल्या प्रत्येक कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर ते येऊन गेले, 'पुढचा नंबर भारताचा' असा मथळा घेऊन. पुढे हिंदुकुशात भूकंप झाला, दिल्लीत पंखे हलले, आणि ते द्रष्टे ठरले. हिंदुकुशात भूकंप होईल असं सांगणं म्हणजे चेरापुंजीत पाऊस पडेल असं सांगणं.

अशी मोकळी जागा किती महाग पडते, ते इटलीत लाक्विला शहराने दाखवलं. २००९ च्या सुरुवातीला तिथे महिनोन् महिने बारीक धक्के येत होते. रेडॉन वायू मोजून भाकितं करणाऱ्या एका तंत्रज्ञाने खळबळ उडवली होती. लोकांना शांत करायचं म्हणून ३१ मार्चला तज्ज्ञांची बैठक बोलावली गेली. नागरी संरक्षण खात्याचे उपप्रमुख वृत्तवाहिनीला म्हणाले, की परिस्थिती अनुकूल आहे, कारण छोट्या धक्क्यांतून ऊर्जा सतत बाहेर पडते आहे. घरी बसून वाइनचा एक पेला घ्या, असाही सूर होता. आठवडाही लोटला नाही आणि ६ एप्रिलच्या पहाटे ६.३ चा भूकंप आला. ३०९ माणसं गेली. पहिला धक्का बसला की रात्र अंगणात काढायची, ही तिथली पिढ्यान् पिढ्यांची रीत. त्या रात्री काही कुटुंबांनी ती मोडली, कारण मोठ्या माणसांनी निश्चिंत राहा म्हणून सांगितलं होतं. सहा शास्त्रज्ञ आणि हे अधिकारी यांना २०१२ मध्ये शिक्षा झाली. २०१४ मध्ये अपिलात शास्त्रज्ञ सुटले, अधिकाऱ्यांची शिक्षा कमी झाली पण राहिली.

'बारीक धक्क्यांनी दाब मोकळा होतो' हे वाक्य आपल्याकडेही चहाच्या टपरीपासून कचेरीपर्यंत ऐकू येतं. ते चूक आहे. तीव्रता एकाने वाढली की ऊर्जा सुमारे बत्तीसपट होते. एका सहाच्या भूकंपाची ऊर्जा बाहेर काढायला पाचचे बत्तीस लागतील आणि चारचे हजार. हिंगोलीत वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदे परिसरात वर्षानुवर्षं जमिनीतून गूढ आवाज येतात. त्याने कुठलाही दाब मोकळा होत नाही.

आणि लाक्विला वाचताना मराठवाड्याच्या माणसाला दुसरंच गाव आठवतं. ऑगस्ट ते ऑक्टोबर १९९२ मध्ये किल्लारीच्या आसपास शंभरावर धक्के बसले होते. मग जमीन निवांत झाली. वर्षभराने, गणपती विसर्जन करून दमून झोपलेल्या गावांवर ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे तीन छप्पन्नला ६.२ चा भूकंप आला. त्या शंभरांचा या एकाशी संबंध होता का? आज सगळेच हो म्हणतात. तेव्हा छातीठोक सांगता आलं असतं का? नाही. जगात बारीक धक्क्यांच्या अशा माळा कितीतरी लागतात आणि बहुतेक काही न होता विरून जातात. पण 'नक्की सांगता येत नाही' आणि 'सांगण्यासारखं काही नाही' यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. एखाद्या धक्क्यानंतर आठवड्याच्या आत त्याहून मोठा येण्याची शक्यता, कॅलिफोर्नियातल्या नोंदींवरून, शंभरात पाचाच्या घरात आहे. पाच म्हणजे थोडी. पण त्या पाचांसाठी दोन रात्री अंगणात काढायच्या की नाही, हे ज्याचं त्याने ठरवावं. त्याला आकडा तरी द्या.

जपान देतं. ८ ऑगस्ट २०२४ ला क्युशूजवळ ७.१ चा भूकंप झाला, तेव्हा जवळच्या समुद्रतळावरच्या नानकाई खंदकात महाभूकंप होण्याची शक्यता नेहमीपेक्षा वाढली आहे अशी सूचना तिथल्या हवामान संस्थेने पहिल्यांदाच काढली. शक्यता किती, तेही सांगितलं: अशा वेळी काही शे खेपांत एखाद्या वेळी. पंतप्रधानांनी परदेश दौरा रद्द केला, समुद्रकिनाऱ्यावरचे पोहणारे घरी गेले, लोकांनी पाण्याच्या बाटल्या भरून ठेवल्या. आठवड्याने सूचना मागे घेतली. काहीच झालं नाही, आणि म्हणून शास्त्रज्ञांना जोडे कुणी मारले नाहीत.

यावर ठरलेला आक्षेप येतो, तो मी एका निवृत्त तहसीलदारांच्या तोंडून शब्दशः ऐकला आहे: "आपल्या लोकांना शक्यता-बिक्यता कळत नाही सर, पळापळ होते." मला हे पटत नाही. मृगाचा पहिला पाऊस पडल्यावर पेरायचं की थांबायचं, दुबार पेरणीची पाळी आली तर बियाण्याचे पैसे कुठून आणायचे, हा जुगार दर जूनला खेळणाऱ्या माणसाला शक्यता कळत नाही असं म्हणणारा शेतात गेलेलाच नाही. पळापळ होते ती आकड्याने होत नाही. अधिकारी आधी 'काही नाही' म्हणतात आणि रात्री स्वतःच्या बायकापोरांना गावी पाठवतात, ते लोकांना दिसतं. पळापळ त्याने होते.

त्या मार्चमध्ये प्रशासनाने एक गोष्ट मात्र नेमकी सांगितली आणि ती बातम्यांत शेवटच्या ओळीला आली. ज्यांच्या घरावर पत्रे आहेत आणि पत्र्यांवर आधाराला दगड ठेवलेत, त्यांनी ते दगड काढून घ्यावेत. मला ते वाचून बरं वाटलं. कारण किल्लारीत माणसं जमिनीने मारली नाहीत. दोन-दोन हात रुंद दगडमातीच्या भिंती, आतबाहेर दगड आणि मधे भर, दोन्हींना बांधणारा आडवा दगड नाही. वर माळवदाची माती, दर पावसाळ्याआधी गळू नये म्हणून चढवत नेलेली. थंडीत ऊब, उन्हात गारवा, आणि त्या पहाटे थडगं. काही घरांत लाकडी खण मजबूत होते, भिंती बाहेर पडल्या तरी छत खांबांवर तगून राहिलं आणि खाली झोपलेले वाचले. बाकी आठ ते दहा हजार माणसं गेली, मोजणी कुणाची धरता त्यावर. भूकंपाच्या नकाशावर तेव्हा हा मुलूख सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात होता.

अंतराचं संरक्षणही किती तकलादू असतं, ते २६ जानेवारी २००१ ला दिसलं. भूकंप भूजचा, आणि सव्वादोनशे किलोमीटरहून लांब असलेल्या अहमदाबादेत बहुमजली इमारती पत्त्यांसारख्या बसल्या. खाली गाड्या लावायला नुसते खांब, भिंत नाही, आणि पाया नदीने आणून टाकलेल्या मऊ मातीत. २०२५ च्या मार्चमध्ये म्यानमारच्या भूकंपात हजार किलोमीटरवर बँकॉकमधली बांधकाम चालू असलेली उंच इमारत खाली आली. दूरच्या भूकंपाचा आपल्याशी संबंध असतो, तो असा. आज नांदेड-लातुरात नव्या वस्त्यांत फिरा. चार मजले, खाली पार्किंगला सहा बारीक खांब, काळ्या फुगणाऱ्या मातीवर. परवानगीच्या नकाशावर भूकंपरोधक असा शिक्का असतो. सळई किती पडली, कड्या किती अंतरावर बांधल्या, हे स्लॅबच्या दिवशी बघायला नगरपालिकेचा कुणी आल्याचं मी तरी पाहिलेलं नाही. ठेकेदाराला विचारलं तर म्हणतो, "आपल्याकडं काय जपानसारखं होत नाय."

१० जुलै २०२४ ला हिंगोलीत पुन्हा ४.५ झाला, सकाळी सव्वासातच्या सुमाराला. त्यानंतर चार-पाच दिवसांनी कामानिमित्त कळमनुरी तालुक्यातल्या एका वस्तीवर गेलो होतो. एका घरावर पत्रे आणि पत्र्यांवर दगड, ओळीने. मी घरातल्या आजींना विचारलं, मार्चमध्ये काढायला सांगितलं होतं ना?

"काढले व्हते की," त्या म्हणाल्या. "लेकानं समदे खाली उतरवले. मंग जूनात वारं सुटलं अन् दोन पत्रे त्या पाटलाच्या उसात जाऊन पडले. पाऊस सगळा घरात. पुन्हा चढवले."

हुक आणि बोल्ट लावून पत्रा लाकडाला कसता येतो, हे त्यांना माहीत होतं. लेक भाव काढून आला होता. सोयाबीन निघाल्यावर बघू, असं ठरलं होतं. नातवाने बोट दाखवत दगड मोजून दाखवले, सोळा. आजींनी मला आत नेलं. खाट त्यांनी भिंतीपासून ओढून दाराच्या चौकटीशी आणली होती, आणि डोक्यावरच्या तेवढ्या एका पत्र्यावर दगड ठेवलेला नव्हता. तो त्यांनी सुतळीने वाशाला बांधला होता.